बर्मा कोणत्या दिशेला

बर्मा कोणत्या दिशेला आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. तेवढ्यासाठी तो गोंदियाला आला नव्हता. आईला दवाखान्यात आणलं होतं, तपासण्यांसाठी तिला ठेवून घेतलं होतं आणि दुपार रिकामी होती, म्हणून तो माझ्या घरी आला. सालेकसा तालुक्यातल्या त्याच्या गावी मी पूर्वी तेंदूपत्त्याच्या हंगामात बातमीसाठी जात असे. त्याच्या अंगणात बसून तेंदूपत्त्याचे भाव लिहून घेतले होते. नोकरी संपल्यावर जाणं थांबलं, ओळख राहिली.

मी दारात उभा राहून उजवीकडे हात केला. त्या बाजूने हावड्याकडे जाणारी लाइन आहे.

"इकडे. पूर्वेला."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्वतः डावीकडे बोट केलं.

"उलटं सांगून राहिले जी तुमी. बरमा इकडं हाय. नागपूरच्या पल्याड."

"कोणी सांगितलं?"

"त्यात सांगाचं काय? माहा आजा तिकडंच गेला ना. गाडीत बसून गेला. समद्या गावानं पाह्यलं."

तो साठीला टेकलेला गोंड शेतकरी. धानाची थोडी शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफुलं. आईचं वय ऐंशीच्या वर. तिचा बाप, म्हणजे याचा आजा, दुसऱ्या महायुद्धात गेला तेव्हा ती अंगावर पिणारी होती. ती एकुलती एक. तिचं लग्न झालं तेव्हा नवरा या घरी राहायला आला. त्यामुळे घर आजही तिच्या बापाचंच धरलं जातं, आणि बाप त्या घरात नाही.

हे 'घरात नाही' नीट सांगायला हवं. त्यांच्याकडे माणूस मेला की त्याचं क्रियाकर्म होतं, पण तेवढ्याने तो पूर्वजांत येत नाही. पुढे केव्हातरी, सवड आणि धान्य असेल तेव्हा, घरचे लोक नदीवर जातात. मेलेल्याला हाक मारतात. मग पाण्यात हात घालतात. हाताला जो पहिला जीव लागेल, मासोळी असो की पाण्यातला किडा, तो नव्या मडक्यात घालून घरी आणायचा. मधल्या खोलीत, धानाच्या कणगीजवळ, पूर्वजांचे गोटे मांडलेले असतात. त्यांत एक गोटा वाढतो. त्या दिवसापासून माणूस घरात असतो.

या घराची आणखी एक रीत होती. मोठा बाहेर असताना धाकट्याला आत घेत नाहीत.

आजा बाहेर होता. म्हणून आजी मेली तेव्हा तीही बाहेर राहिली. तिला जाऊन कित्येक वर्षं झाली. आता दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन मूत्रपिंडांबद्दल सांगितलं होतं आणि घरी न्या म्हटलं होतं. आईने विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने औषधांबद्दल काही विचारलं नाही. बापाला आणल्याशिवाय मी जात नाही, असं म्हणाली.

प्रयत्न झाले नव्हते असं नाही. दोनदा झाले होते. आजा गेला होता तो सालेकशाच्या स्टेशनावरून गोंदियाकडे तोंड असलेल्या गाडीत. त्या बाजूची मोठी नदी म्हणजे वैनगंगा. तेव्हा दोन्ही वेळा बैलगाडी जुंपून मंडळी वैनगंगेवर गेली, मावळतीकडे तोंड करून हाक मारली, आणि पाण्यात बराच वेळ हात फिरवूनही काही लागलं नाही. वैनगंगेत मासळीला तोटा नाही. दोन्ही वेळा मडकं रिकामं परत आलं.

"बरमा" हा शब्द घरात होता. आजाच्याच लष्करी मजूर कंपनीतला शेजारच्या गावचा एक माणूस लढाई संपल्यावर परत आला होता, त्याने आजाच्या मरणाच्या बातमीबरोबर तो आणला. पण ते गाव आहे, जिल्हा आहे की मुलूख, हे त्याला कोणी विचारलं नाही. गाडी जिकडे गेली तिकडेच ते असणार. यात कोणाला शंका यावी असं काही नव्हतं.

मला एवढं माहीत होतं की बर्मा पूर्वेला आहे. माणूस पश्चिमेला जाऊन पूर्वेला कसा पोचला, हे शोधायला थोडे दिवस लागले. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला फोन केले, रेल्वेत आयुष्य काढलेल्या एका परिचिताला विचारलं. उत्तर साधं निघालं. भरती झालेल्यांना आधी नागपूरच्या बाजूच्या छावण्यांत नेत. तिथे कवायत, गणवेश, टोचण्या. मग पूर्वेच्या आघाडीसाठी गाड्या भरत आणि त्या गाड्या नागपूर-गोंदिया-रायपूर अशा कलकत्त्याकडे निघत. म्हणजे याच लाइनीवरून. सालेकशावरून.

आजाच्या नावाचा शोधही करून पाहिला. मजूर कंपन्यांत एकाच नावाची माणसं पुष्कळ, गावांची नावं कशीही लिहिलेली. खात्रीने तोच असं म्हणता येईल असं काही मिळालं नाही.

पोळ्यानंतर मी त्यांच्या गावी गेलो. अंगणात बाज टाकलेली होती, तिच्यावर त्याची आई बसली होती. पाय सुजलेले, आवाज शाबूत. भुमक, म्हणजे त्यांचा गावपुजारी, खाली भिंतीला टेकून बसला होता. सत्तरीचा असेल. मी खुर्ची नाकारली तेव्हा तो म्हणाला, "बसा जी खुर्चीवर. पँट खराब झाली तं घरी आमालेच शिव्या पडतीन."

मी बसलो आणि गाड्यांचं सांगितलं. छावणी, मग परतीची वाट, मग कलकत्ता. सांगून झाल्यावर म्हातारी मुलाकडे न बघता म्हणाली, "म्हंजे थो येथूनच गेला."

"त्या गाड्या इथून जात होत्या. तो त्यांतल्या एकीत असणार, असं दिसतं."

"माही माय सांगे. रेल्वेच्या बाजूनं निंदणाले गेलती. शिपायांची गाडी आली, उगवतीकडं जाऊन राह्यली होती. डब्यातून कोनीतरी गोंडीतून वरडला. गावाचं नाव घेतलं. मायनं घरी येऊन सांगितलं का थो होता. माह्या आजीनं तिले लय बोललं. नवरा गेला तिकडं अन् ही पाह्यते इकडं, डोस्कं फिरलं म्हने. मंग मायनं कोनालेच नाई सांगितलं. मले सांगे, मी लहान होतो तवा."

तिकडच्या बोलीत बायाही 'मी होतो' म्हणतात. तिने माझ्याकडे पाहिलं. "थोच असन का बाबू?"

"असू शकेल. नक्की सांगता येत नाही. या भागातले आणखी लोकही त्या गाड्यांत होते."

"नक्की नोको सांगू. असू शकते नं?"

"हो."

ती मागे टेकली. सून चहा घेऊन बाहेर आली, तिने सासूचा पदर सारखा केला आणि परत आत गेली.

पुजाऱ्याला गाडीत रस नव्हता. त्याने विचारलं, "लढाई कोनी जितली?"

"ज्यांच्या बाजूने हे गेले, त्यांनी. इंग्रज, आपले हिंदी सैनिक, नेपाळचे गुरखे, आफ्रिकेतल्या पलटणी, विमानं घेऊन आलेले अमेरिकन, उत्तरेकडून चिनी. समोर जपानी."

"पयल्यापासूनच जितून राह्यले होते?"

"नाही. आधी हरत होते."

"मंग जितले कसे? थे सांगा पयले. रस्ता मंग."

हे कशासाठी हवं, असं मी विचारलं. त्याने बिडी विझवली. "हारलेला मानूस जंगलात लपून राह्यते. त्याले हाक मारतो तं नाव घ्या लागते जंगलाचं, झाडाचं. जितनारा रस्त्यावर असते. त्याले रस्त्यानं बलवा लागते. कोन्या वक्ताले मेला हे मालूम पाह्यजे."

एवढं कारण पुरेसं होतं. मी सांगायला लागलो, बातमी सांगावी तसं, सनावळीने.

एकोणीसशे बेचाळीसमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. इंग्रजांची आणि हिंदी फौज मागे हटत, डोंगर ओलांडून हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत आली. तिच्याबरोबर बर्मात राहणारे हजारो हिंदी लोक पायी चालत आले, वाटेत मेले. तिथवर पद्धत एकच होती. जपानी जंगलातून वळसा घालून मागचा रस्ता तोडत, दाणापाणी बंद होई, की फौज मागे सरे. पुन्हा वळसा, पुन्हा माघार.

"डुकराच्या शिकारीवानी," पुजारी म्हणाला.

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये जपानी चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर आले. रस्ता तुटला. या वेळी फौजेने मागे हटायचं नाही असं ठरवलं. वेढ्यातच बसून राहायचं. तांदूळ, दारूगोळा, औषधं विमानांनी येतील. कोहिमाला थोडी माणसं एका टेकडीवर अडून राहिली, मदत पोचेपर्यंत. इंफाळला विमानं उतरत राहिली आणि जखमींना घेऊन परत जात राहिली. जपान्यांनी सोबत काही आठवड्यांचंच अन्न आणलं होतं. इंफाळची कोठारं हाती लागतील आणि त्यावर पुढे जाऊ, असा त्यांचा हिशेब होता. कोठारं हाती लागली नाहीत. मग पाऊस लागला.

"उपाशी राह्यले," म्हातारी म्हणाली.

"हो. जुलैत ते मागे फिरले. गोळीने मेले त्याहून जास्त उपासाने आणि रोगाने मेले, वाटेच्या कडेला. तिथून लढाई उलटली. पाऊस सरल्यावर आपल्या बाजूची फौज चिंदविनपलीकडे गेली, पुढच्या वर्षी इरावती ओलांडली, आणि पंचेचाळीसच्या मे महिन्यात रंगून घेतलं."

"कामठ्याहून जात होते का थे विमानं?" मुलाने विचारलं. गोंदियाजवळच्या कामठ्याची धावपट्टी त्याच युद्धात झाली. आजाने आधी तिथे दगड फोडले होते, तिथेच भरतीवाल्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं होतं. त्याच्या प्रश्नात थोडी आशा होती.

"तसा पुरावा माझ्याकडे नाही. ती विमानं आसाम आणि बंगालमधून उडत. कामठा फार मागे."

"अन् मजूर काय करत?" म्हातारीने विचारलं. "माह्या बापानं काय केलं त्यात?"

"फौज पुढे जायची तर रस्ता लागतो. पावसात डोंगराचे रस्ते वाहून जात. मजूर कंपन्या ते बांधत, लाकडं टाकून चिखलावरून वाट करत, पूल उभारत. तुमच्या बापाच्या कंपनीने नेमका कोणता रस्ता केला, ते मला सापडलं नाही."

"दगडच फोडले असतीन," ती म्हणाली. "कामठ्याले बी दगड अन् तिकडं बी दगड."

पुजारी त्या परत आलेल्या माणसाच्या गोष्टीकडे वळला. त्याने काय सांगितलं होतं, शब्द न शब्द? म्हातारीने आईकडून ऐकलेलं सांगितलं, मध्ये न थांबता, पाठ असल्यासारखं. आम्ही पुढं जाऊन राह्यलो होतो. पाऊस सुटला होता. मोठ्या नदीजवळ याले ताप आला. याले मागं ठेवलं, आमाले पुढं पाठवलं. मंग खबर आली.

घरात हे वाक्य ऐंशी वर्षं होतं. पुढं जाऊन राह्यलो होतो, याचा अर्थ त्यांनी फक्त चालत होतो असा घेतला होता. लढाईचा क्रम माहीत असलेल्याला त्यात आणखी दिसतं. ती फौज बर्मात पुढे गेली ती लढाई उलटल्यानंतर. पाऊस सुटला, म्हणजे उघडला: चव्वेचाळीसचा पावसाळा संपता संपता, किंवा त्यानंतरचा काळ. मी हे सांगितलं आणि यातलं खात्रीचं किती, अंदाजाचं किती, तेही सांगितलं.

"म्हंजे रस्त्यावर मेला," पुजारी म्हणाला. "जितनाऱ्याच्या रस्त्यावर. बरं झालं. आता नदी सांगा."

इथे अडलं. मोठी नदी चिंदविन असू शकते. इरावतीही असू शकते. वाटेत मणिपूरची नदी आहे आणि डोंगरातून आलेल्या माणसाला तीही मोठी वाटेल. तिन्हींपैकी एक निवडायला माझ्याकडे काही नव्हतं.

मुलगा वाकून हळू आवाजात म्हणाला, "एखादी सांगून द्या ना साहेब. कोन पाह्याले जाते तिकडं?"

"जे माहीत नाही ते सांगता येणार नाही."

"मायले बरं नाई. तुमाले दिसून राह्यलं नं? थे चिंदविन म्हना. नाव बी चांगलं हाय."

मी नाही म्हणालो. तो चिडला. एवढ्या लांबून बोलावलं, एवढं ऐकलं आणि शेवटी हात वर केले, असं तो पुजाऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असं. त्याचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. आईजवळ किती दिवस आहेत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हातारीने त्याला हाताने गप्प केलं.

"खोटं नाव घेऊन बलवलं अन् दुसऱ्याचाच बाप आला तं? मंग त्याची पोरगी कोनाले बलवन?"

पुजाऱ्याने मला विचारलं, पक्कं काय काय माहीत आहे. गाडीची वाट पक्की आहे, मी म्हणालो. कलकत्त्यापर्यंत, तिथून वर आसामात, दिमापूरपर्यंत. त्यापुढे सैन्याची सडक कोहिमा, इंफाळवरून जाते. तिच्यापुढे पक्कं काही नाही.

"मंग पक्कं तेवढंच घेऊ. थो जेथं असन तेथून सडकेपर्यंत यीन आपल्या पायानं. रस्ता त्यानंच केला हाय, त्याले दाखवा लागत नाई. सडकेपासून मी आनतो. नद्या सांगा."

मी नद्या सांगितल्या, रेल्वे ओलांडते त्या क्रमाने, तिकडून इकडे. ब्रह्मपुत्रा, जिथे तेव्हा पूल नव्हता आणि माणसं नावेने उतरत. तीस्ता. पद्मा. हुगळी. रूपनारायण. सुवर्णरेखा. कोयल. ईब. हसदेव. शिवनाथ. पुजाऱ्याने दोनदा म्हणवून घेतल्या, तिसऱ्यांदा स्वतः म्हटल्या. एक चुकली ती मुलाने दुरुस्त केली. त्याचा राग तेवढ्यात ओसरला होता.

दिवाळीनंतर, लवकर पिकणारा हलका धान कापून झाल्यावर, मला बोलावणं आलं. या वेळी वैनगंगा नव्हती. गावाच्या उगवतीला जंगलातून येणारा नाला आहे, त्याला पाणी होतं. पाणी कोणतंही चालतं, तोंड बरोबर पाहिजे, असं पुजारी म्हणाला. म्हातारीला बाजेवर घालून चौघांनी आणलं. ती आता फारसं खात नव्हती. काठावर तिला उठवून बसवलं, उगवतीकडे तोंड करून, पाठीशी सून.

पुजाऱ्याने गोंडीत सुरुवात केली. मला गोंडी येत नाही. नद्यांची नावं तेवढी ओळखू येत होती आणि ती बरोबर क्रमाने येत होती. शिवनाथनंतर तो थांबला. मग त्याने म्हातारीला खूण केली. हाक घरच्या माणसाने मारायची असते.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगा नाल्यात गुडघाभर पाण्यात वाकून उभा होता, त्याने वळून पाहिलं.

"काय म्हनू?" ती पुजाऱ्याला म्हणाली. "मी त्याले कवाच हाक नाई मारली."

तो गेला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. हे त्या घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वैनगंगेवर दोन्ही वेळा हाक तिच्या आईने मारली होती.

"बाप म्हन," पुजारी म्हणाला. "जसं पोरं म्हनतात तसं म्हन."

तिने हाक मारली. मोठ्याने नाही. पुन्हा मारली तेव्हा आवाज बराच वर गेला आणि पलीकडच्या झाडातले बगळे उडाले. मुलाने दोन्ही हात दगडांखाली घातले. त्याला वेळ लागला. मग तो सरळ झाला आणि मूठ उघडली. तळहातावर एक झिंगा होता, नखाएवढा, आरपार दिसणारा, पाय हलवत असलेला.

"बुढा लय बारीक झाला," बाज आणणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला.

"मोठी वाट चालून आला," दुसरा म्हणाला.

म्हातारी हसली नाही, रडली नाही. तिने मडकं जवळ आणायला सांगितलं, आत वाकून पाहिलं आणि हाताने झाकलं. मग तिच्या आईला हाक मारायची होती. ती हाक तिला सवयीची होती. मुलाच्या हाताला लगेच एक मासोळी लागली.

घरी आल्यावर मधल्या खोलीत पुजाऱ्याने दोन गोटे मांडले, जुन्या गोट्यांच्या ओळीत, कणगीच्या अंगाला. मोठा आधी, मग लहान. खोली अंधारी होती. म्हातारीची बाज दारापर्यंतच येऊ शकली, तिथून ती पाहत राहिली. आईच्या गोट्याच्या पुढे भिंत जवळ होती. तिने मुलाला जवळ बोलावलं.

"दोन्ही गोटे थोडे तिकडं सरकव. तेथं मी मावत नाई."

पुजाऱ्याने मान हलवली. मुलाने आधी आजाचा गोटा सरकवला, मग आजीचा, आणि भिंतीपाशी हात ठेवून जागा पाहिली.

"आता?"

"आजून थोडं," ती म्हणाली.